घटना खऱ्या, क्रम आमचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘रिअ‍ॅलिटी शोमध्ये बरंचसं ठरवून केलेलं असतं, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. तरी मी बघते, घरातले बघतात, आणि न बघणारेही त्यावर तावातावानं बोलतात. त्यात खरं नेमकं किती असतं? आणि खोटं आहे हे माहीत असताना ओढ कशाची वाटते?’

मी गेली १९ वर्षं अशा कार्यक्रमांच्या एडिट रूममध्ये बसते आहे. आधी एडिटर होते, आता स्टोरी एडिटर म्हणून काम करते. गाण्याच्या स्पर्धा केल्या, माणसं घरात कोंडून ठेवणारे कार्यक्रम केले, एक बेटावरचाही केला. तेव्हा उत्तर आतल्या बाजूनं देते.

‘स्क्रिप्ट’ या शब्दापासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. लोकांना वाटतं, सकाळी कुणीतरी स्पर्धकाच्या हातात कागद ठेवतं आणि ‘आज हिच्याशी भांड’ म्हणून सांगतं. काही कार्यक्रमांत याच्या जवळ जाणारे प्रकार होतात, नाही असं नाही. पण बहुतेक ठिकाणी कागद देत नाहीत, आणि त्यामागे प्रामाणिकपणा वगैरे काही नाही. साध्या माणसाला पाठ केलेलं वाक्य बोलता येत नाही, एवढंच कारण. आवाज सपाट होतो, नजर कॅमेऱ्याकडे पळते, हातांचं काय करायचं ते कळत नाही. अभिनय हे कसब आहे. राग मात्र कुणालाही येतो. तेव्हा राग येईल अशी परिस्थिती बांधायची आणि तो आला की त्याची गोष्ट करायची, असा हा धंदा आहे. पहिलं काम कास्टिंगचं आणि क्रिएटिव्ह टीमचं, दुसरं माझं.

दुसऱ्यापासून सांगते. घरात वीस कॅमेरे आहेत असं धरलं, तर एका दिवसाचे ४८० तास होतात. सगळेच कॅमेरे सगळा वेळ रेकॉर्ड होत नाहीत, तरी फूटेजचा डोंगर असतोच. प्रसारित होणार चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. लॉगर नावाची मंडळी पाळ्यांमध्ये बसून टिपत असतात: कोण, कुठे, कुणाशी, काय बोललं, किती वाजून किती मिनिटांनी. सकाळी ती यादी माझ्यापुढे येते आणि मी त्यातून दिवसाची गोष्ट शोधते. दिवसाला गोष्ट नसते. माणसं उठतात, चहा पितात, उगाच हसतात, एकमेकांना कंटाळतात, झोपतात. त्यातलं दोन माणसांमधलं एखादं सूत मी उचलते आणि बाकीचं सोडून देते. सोडून दिलेलं खोटं नसतं, आणि ठेवलेलंही नाही. पण बघणाऱ्याला वाटतं की दिवसभर तेवढंच चाललं होतं.

हे आजचं नाही. अमेरिकेत १९७१ साली एका कुटुंबाच्या घरात सात महिने कॅमेरा ठेवला होता. सुमारे ३०० तासांच्या चित्रणातून बारा भाग निघाले आणि १९७३ मध्ये ‘अ‍ॅन अमेरिकन फॅमिली’ नावानं ते दाखवले गेले. त्यात बायको कॅमेऱ्यासमोर नवऱ्याला घराबाहेर पडायला सांगते. हे खरोखर घडलं होतं. तरीही त्या कुटुंबाची तक्रार होती की आमचे आनंदाचे प्रसंग गाळले, दुखरे तेवढे ठेवले. पन्नास वर्षं झाली, स्पर्धक अजून शब्दशः हीच तक्रार घेऊन येतात. मी एडिटर असूनही सांगते, तक्रार रास्त आहे.

आता चेहऱ्यांची गंमत. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकानं शंभरेक वर्षांपूर्वी केलेला एक प्रयोग सिनेमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याच्या शेजारी एकदा सूपची ताटली जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. चेहरा तोच, पण बघणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. आमचं निम्मं काम या एका गोष्टीवर चालतं. मी स्वतः एका मुलीची जांभई अशी लावली आहे की ती तुच्छतेनं तोंड फिरवतेय असं वाटावं. जांभई पहाटे साडेपाचची होती. जिच्या बोलण्यावर ती लावली, ते बोलणं दुपारच्या जेवणानंतरचं होतं. त्यानंतर महिनाभर लोक त्या मुलीला गर्विष्ठ म्हणत होते. ती बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, ‘मी असं कधी केलं?’ मला सांगता आलं नाही. हे आठवलं की अजून बरं वाटत नाही, पण प्रश्न विचारलाच आहे तर लपवण्यात अर्थ नाही.

दुसरं हत्यार म्हणजे बाइट. स्पर्धक एकटा बसून कॅमेऱ्याशी बोलतो, तो भाग. तो वर्तमानकाळात बोलतो: ‘मी आत जाते आणि बघते तर काय...’ प्रत्यक्षात ती मुलाखत दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानं घेतलेली असते. वर्तमानकाळात बोलायला आम्हीच सांगतो. प्रश्नही उत्तरात घेऊन बोलायला सांगतो, म्हणजे प्रश्न कापून टाकता येतो. बऱ्याच कार्यक्रमांत या मुलाखतींसाठी तेच कपडे, तीच केशरचना ठेवायला लावतात. त्यामुळे कुठलं वाक्य कुठल्या दिवसाला जोडलं हे बघणाऱ्याला कळत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे वेगवेगळ्या वाक्यांचे तुकडे शिवून तयार केलेलं नवं वाक्य. आमच्या धंद्यात त्याला ‘फ्रँकनबाइट’ म्हणतात, ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीतल्या, प्रेतांचे अवयव जोडून केलेल्या त्या राक्षसावरून. ओळखायचं असेल तर सोपं आहे. माणूस बोलायला लागतो, वाक्याच्या मधोमध चित्र दुसरीकडे जातं आणि आवाज मात्र चालू राहतो. तोंड दिसत नाही तेव्हा वाक्य कुणाच्या तोंडचं आहे याची खात्री धरू नका.

कधी तर गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे शिवतात. २००४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘द अप्रेंटिस’मध्ये डोनाल्ड ट्रम्प दर भागात कुणाला तरी कामावरून काढायचे. तिथल्या एडिटरांनी पुढे मुलाखतींत सांगितलं की कधी कधी चांगलं काम केलेला स्पर्धकच अचानक बाहेर जायचा, आणि मग त्यांना मागं जाऊन फूटेजमधून त्याच्या चुका शोधाव्या लागायच्या, म्हणजे निर्णय पटेल. वाचलं तेव्हा मला हसू आलं. निर्णय आधी, कारणं नंतर, हे आम्ही सगळ्यांनीच कुठे ना कुठे केलेलं आहे.

चित्रणातही हात फिरतो. ‘सर्व्हायव्हर’ या बेटावरच्या अमेरिकन स्पर्धेचे निर्माते मार्क बर्नेट यांनी २००१ मध्ये उघड सांगितलं होतं की काही दृश्यं बदली माणसं घेऊन पुन्हा चित्रित केली, कारण दुरून घेतलेल्या शॉटमध्ये कॅमेरावाले दिसत होते. निकालावर त्याचा परिणाम नव्हता. आपण करतो ते वास्तव नाही, संहितेशिवायचं नाटक आहे, असंच ते म्हणत. मला हे वर्णन ‘रिअ‍ॅलिटी’ या शब्दापेक्षा प्रामाणिक वाटतं.

एका गोष्टीला मात्र हात लावताना सगळे दहा वेळा विचार करतात, ती म्हणजे स्पर्धेचा निकाल. अमेरिकेत १९५० च्या दशकात प्रश्नमंजूषांमध्ये उत्तरं आधीच पुरवली जात होती. १९५९ मध्ये ‘ट्वेंटी-वन’चा लाडका विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन यानं संसदेच्या समितीपुढे ते कबूल केलं, आणि पुढच्याच वर्षी अशी फसवणूक तिथे कायद्यानं गुन्हा ठरली. म्हणून तिथल्या मोठ्या स्पर्धांच्या सेटवर नियमांवर लक्ष ठेवणारी वेगळी माणसं असतात. सगळ्या देशांत असा कायदा नाही आणि सगळीकडे एवढी काळजीही घेत नाहीत. पण ढोबळ अंदाज हवा असेल तर मी असं म्हणेन: कोण जिंकलं ते बहुधा खरं असतं, तिथवरचा रस्ता मात्र आम्ही आखलेला असतो.

आता पहिल्या कामाकडे येते, कास्टिंगकडे. हेच खरं लेखन आहे. भांडकुदळ माणसं निवडतात असा समज आहे, तो चुकीचा. भांडकुदळ माणूस दोन भागांत शिळा होतो. कास्टिंगवाले शोधतात ती अशी माणसं, ज्यांचं स्वतःविषयीचं मत आणि इतरांना येणारा त्यांचा अनुभव यांत मोठं अंतर आहे. ‘मी फार सरळ आहे’ म्हणत टोचून बोलणारा. ‘मला कुणाची गरज नाही’ म्हणत दर पाच मिनिटांनी कुणी आपल्याकडे बघतंय का ते पाहणारी. अशा माणसाला संवाद द्यावा लागत नाही. जागा द्यावी लागते, एवढंच.

मग त्या जागेची मांडणी करतात. माणसांपेक्षा पलंग कमी. घड्याळं नाहीत, फोन नाही, पुस्तक नाही, बाहेरची बातमी नाही. काही कार्यक्रमांत दारू मुबलक, काहींत अन्न मोजून. कंटाळा हे आमचं सगळ्यात स्वस्त यंत्र आहे. फोन असलेला माणूस अपमान गिळून स्क्रीनमध्ये डोकं घालतो; फोन नसलेला तोच अपमान तीन दिवस चघळतो. चौथ्या दिवशी साखरेच्या डब्यावरून जे भांडण होतं, ते साखरेचं नसतं. ते भांडण शंभर टक्के खरं असतं. पण ते तिथे उगवावं म्हणून माती कुणी घातली, हे तुम्हाला दिसत नाही.

हे सगळं इतकं का पसरलं, त्याचं कारण रूक्ष आहे: स्वस्त पडतं. १९४८ पासून चाललेल्या ‘कँडिड कॅमेरा’सारखे लपवलेल्या कॅमेऱ्याचे खेळ आधीही होते. पण १९८८ मध्ये अमेरिकेतले पटकथालेखक पाच महिने संपावर गेले, तेव्हा लेखकाशिवाय काय दाखवता येईल याचा शोध जोरात सुरू झाला. पुढच्याच वर्षी पोलिसांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणारा ‘कॉप्स’ आला. एमटीव्हीच्या १९९२ च्या ‘द रिअल वर्ल्ड’ची मूळ कल्पना तर तरुणांसाठी मालिका काढायची होती; लेखक आणि नट परवडेनात म्हणून सात अनोळखी तरुणांना एका घरात ठेवलं. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये बेटावरचा ‘एक्सपेडिशन रॉबिन्सन’ आला, १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’, ज्याचा आपल्याकडचा अवतार २००६ पासून ‘बिग बॉस’. ‘रॉबिन्सन’चाच अमेरिकन अवतार असलेल्या ‘सर्व्हायव्हर’च्या पहिल्या पर्वाचा शेवट २००० सालच्या ऑगस्टमध्ये पाच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. त्यानंतर कुठल्याच वाहिनीला समजावून सांगावं लागलं नाही.

पण स्वस्त आहे म्हणून वाहिन्या काढतील. लोक का बघतात, हे त्यातून कळत नाही.

नेहमीचं उत्तर असतं की लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकावायला आवडतं. थोडं खरं आहे, पण पुरेसं नाही. नुसतं डोकावायचं असतं तर चोवीस तासांचं थेट प्रक्षेपण सगळ्यात लोकप्रिय झालं असतं. ते मूठभर निष्ठावंत सोडले तर कुणी बघत नाही, कारण त्यात काही घडत नाही. लोकांना डोकावायचं नसतं, निवाडा करायचा असतो. आणि निवाड्यासाठी त्यांना संबंधितांपेक्षा जास्त माहिती लागते. ती आम्ही देतो.

याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण २००० सालच्या ब्रिटिश ‘बिग ब्रदर’चं आहे. निक बेटमन नावाचा स्पर्धक घरात सगळ्यांचा मित्र होता. गुपचूप तो नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या दाखवून कुणाला बाहेर काढायचं ते इतरांच्या डोक्यात भरवत होता. घरातल्यांना पत्ता नाही, प्रेक्षकांना रोज दिसतंय. देशभर लोक टीव्हीकडे बघून ‘अरे, त्याच्यावर विश्वास ठेवू नका’ म्हणत होते. अखेर इतरांना चिठ्ठ्या सापडल्या, त्यांनी त्याला टेबलापाशी बसवून जाब विचारला आणि त्याला घराबाहेर जावं लागलं. त्या प्रसंगात कुणी ओरडलं नाही, भांडी फुटली नाहीत. तरी माणसं खिळून बसली, कारण आपल्याला आधीच ठाऊक असलेलं त्यांना कळतानाचे चेहरे बघायचे होते. लेखकानं लिहिलेल्या नाटकातही हे असतं. फरक एवढाच की नाटकातला फसवला गेलेला माणूस पडदा पडल्यावर मेकअप पुसतो.

दुसरी ओढ मी ‘फट’ म्हणते. कॅमेऱ्यासमोर माणूस नाटक करतो हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच तो सुटलेला क्षण शोधत बसतो: हसू ओठांवर राहिलं आणि डोळे विझले, विजेत्याला मिठी मारताना हात आखडला. ब्रिटनमधल्या प्रेक्षकांचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅनेट हिल यांनाही हेच आढळलं, की लोक सगळं खरं मानून बघत नाहीत, नाटकाच्या गर्दीत खरेपणाचा क्षण हुडकत बघतात. म्हणजे ‘खोटं आहे हे माहीत असून का बघतो’ असं जे तुम्ही विचारता, त्यातला ‘असून’ काढून टाका. खोटं असण्याची शंका आहे म्हणूनच बघायला मजा येते. नाटकात ‘हा खरंच रडतोय का?’ असा प्रश्न पडत नाही, बातमीतही सहसा पडत नाही. इथे दर मिनिटाला पडतो, आणि शेजारी बसलेल्याशी त्यावरून वाद घालता येतो. ‘नाटकं करतेय ती’, ‘नाही गं, खरंच लागलंय तिला.’ हा वाद म्हणजेच कार्यक्रम. पडद्यावरचा ऐवज ही त्याची निमित्तमात्र सामग्री.

शिवाय हा वाद सुरक्षित आहे. जावेबद्दल, साहेबाबद्दल, मित्राच्या बायकोबद्दल मोकळेपणी बोलायची चोरी असते. पडद्यावरच्या माणसाबद्दल काहीही बोला, कुणाचं मन दुखत नाही असं वाटतं. पण माणसं त्यातून स्वतःविषयी बोलत असतात. कुणाला ढोंगी माणसाची चीड येते, कुणाला रडक्याची, कुणाला आळशाची. घरातल्या दोघांची मतं ऐका, कार्यक्रमापेक्षा त्यांच्याबद्दल जास्त कळेल.

मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन रीस आणि जेम्स विल्ट्झ यांनी २००४ मध्ये २३९ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. असे कार्यक्रम आवडणाऱ्यांत प्रतिष्ठेची, आपण महत्त्वाचे आहोत असं वाटण्याची ओढ अधिक दिसली. पाहणी लहान आहे, तिच्यावर फार इमले बांधू नयेत. पण माझा अनुभव तिच्याशी जुळतो. सामान्य माणसाला लाखो लोक बघताहेत, म्हणजे सामान्य असणं बघण्याजोगं आहे, हा दिलासा त्यात आहे. आणि ‘मी त्या जागी असतो तर असा वागलो नसतो’ ही फुकटची बढतीही आहे.

गाण्याच्या किंवा नाचाच्या स्पर्धेत ओढ जरा वेगळी असते. तिथे निवाड्यापेक्षा वाढ बघायची असते. पहिल्या भागात थरथरणारा आवाज बाराव्या भागात मोकळा होतो, आणि त्या मधल्या काळात आपण त्याच्यासोबत होतो असं वाटतं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच या एकतर्फी ओळखीवर लिहिलं होतं: पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखत नाही, आपण मात्र त्याला घरचा समजू लागतो. मतदानाची सोय झाल्यापासून ही ओळख आणखी घट्ट झाली. मत दिलेला स्पर्धक हरला की लोकांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं, कारण आपण त्यात काही गुंतवलं अशी त्यांची भावना असते.

या सगळ्याची किंमत आत गेलेला माणूस मोजतो, आणि याबाबत आमच्या धंद्याला बाहेरून ढकलावं लागलं. २००७ च्या ब्रिटिश ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टीशी झालेल्या वागणुकीवरून ४० हजारांहून अधिक तक्रारी आल्या होत्या. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये अशाच एका कार्यक्रमाच्या स्पर्धकांबद्दल निकाल दिला की त्यांनी निर्मात्यासाठी केलं ते काम होतं आणि त्यांच्याशी झालेला करार नोकरीचा धरावा. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकानं एप्रिल २०२१ पासून सहभागींच्या मानसिक आरोग्याची काळजी घेण्याचे नियम लागू केले. तुमच्या ओळखीचं कुणी जाणार असेल, तर त्यांना एवढंच सांगा: करारात तुमच्या चित्रणाची हवी तशी काटछाट करण्याचा हक्क तुम्ही देऊन टाकता, आणि ते वाक्य बहुतेक कुणीच वाचत नाही. जांभईवालीनंही वाचलं नव्हतं.

मी स्वतः बघते का, असं कुणी ना कुणी विचारतंच. बघते, दुसऱ्यांचे. पण माझी मुलगी मला शेजारी बसू देत नाही. कारण पहिल्या दहा मिनिटांत मला कळतं की आज कोण जाणार. इतके आठवडे कोपऱ्यात असलेला एखादा स्पर्धक अचानक आईविषयी बोलू लागतो, मागून पियानो येतो, त्याचा लहानपणीचा फोटो दिसतो. निरोपाला डोळे भिजायचे तर आधी ओळख करून द्यायला हवी, आणि एडिटरला ती उशिरा आठवलेली असते. मी नाव सांगते. मुलगी ‘आई, प्लीज!’ म्हणून उशी फेकते, आणि तासाभरानं पुन्हा येऊन विचारते, ‘पण ती शेवटी रडली, ते तरी खरं होतं ना?’

ते बहुधा खरं असतं.